डोकं कशाला चालवताय, फॉरवर्ड करा

हल्ली कोणीही उठतं आणि सांगतं की बातम्या जरा डोळे उघडे ठेवून वाचा, कोण सांगतंय ते बघा, प्रश्न विचारा वगैरे. अजिबात ऐकू नका हो. आपण पुणेकर आधीच दिवसभर प्रश्नच विचारत असतो, मंडईत कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून, पिवळी पानं मोजून, पाच रुपयांसाठी भाजीवालीचं डोकं खाऊन झाल्यावर माणसाच्या अंगात काही उरतं का? मग घरी आल्यावर मोबाईलवर जे पडेल ते न निवडता, न धुता गिळायचं.

नवशिके असाल तर पावसाळ्यात सुरुवात करा, तो सीझन बेस्ट. खडकवासला धरणातून पाणी सोडलं रे सोडलं की टीव्हीवर लाल पट्टी येते, ‘भिडे पूल पाण्याखाली’, मागे भुताच्या सिरियलचं असावं तसं म्युझिक, आणि रिपोर्टर घोटाभर पाण्यात उभा राहून किंचाळतोय. आता भिडे पूल नदीपात्राला चिकटूनच बांधलाय, जरा जास्त पाणी सोडलं की तो बुडणारच, हे डेक्कनवरच्या शेंबड्या पोरालाही माहितीये. पण तुम्ही विसरायचं. घाबरायचं, आणि बंगळूरच्या मुलाला फोन करून त्यालाही घाबरवायचं.

मग आकडा येतो, 35,000 क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर, असलं काही शोधत बसू नका, आकडा मोठा आहे ना, झालं तर मग. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून साधारण 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट, पाणी मावतं आणि पाटबंधारे खातं रोजचा साठा जाहीर करतं, हे तर मुळीच बघू नका, बघितलंत तर रात्री अकराला येणाऱ्या ‘पानशेतला तडे गेलेत, सगळ्यांना कळवा’ या ऑडिओची सगळी मजाच जाईल. बोलणारा कोण, कधीचं बोलतोय, विचारायचं नाही. 12 जुलै 1961 ला खरंच फुटलं होतं की नाही? एकदा फुटलं म्हणजे दर जुलैत फुटू शकतं.

त्याच्यामागून पुराचा व्हिडिओ येतो, ‘आत्ताचा सिंहगड रोड’. त्यात दुकानांच्या पाट्या तेलुगूत असतात आणि वाहून जाणाऱ्या रिक्षेवर एमएच 12 नसतं. पाट्या वाचणं ही आपली जुनी खोड, मान्य, पण इथे जरा आवरा. तसंच सोसायटीच्या गेटवरच्या बिबट्याचं, फोटो आला की पाय मोजायचे नाहीत, हल्ली एआयचे बिबटे पाचव्या पायावरही छान उभे राहतात.

व्हॉट्सॲपवर मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसले की समजा माल अस्सल आहे. खूप वेळा पुढे ढकललेला मेसेज आहे, सांभाळून, असं त्या बाणांचं म्हणणं असतं, पण कंपनीचं कोण ऐकतं. एप्रिल 2020 पासून असला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, मग काय, सात ग्रुप असतील तर सात वेळा पाठवायचा, हाताला व्यायाम. 2016 ला दोन हजाराच्या नव्या नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी सॅटेलाइटला दिसते, हे आपण असंच पोचवलं होतं आणि काही चॅनलवाल्यांनी तर ग्राफिक्स करून दाखवलं होतं. 2023 मध्ये त्या दोन हजाराच्या नोटा परत मागवल्या तेव्हा चिपेचं काय झालं हे एकानेही विचारलं नाही, याला म्हणतात शिस्त.

मुलं पळवणारी टोळी आलीये, हाही असाच काळजीपोटी पाठवलेला मेसेज असतो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात त्या अफवेवर पाच भिक्षेकऱ्यांना लोकांनी ठेचून मारलं. पाठवणाऱ्या प्रत्येकाने काळजीपोटीच पाठवलं होतं.

असो. पेपरकडे वळू. पहिलं पान उलटलं की अजून एक पहिलं पान, ते उलटलं की तिसरं, हे तुम्हाला चालतंच. आता पुढची पायरी, बातमी आणि जाहिरात वेगळी करू नका. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘मीडिया फीचर’ किंवा ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, चष्मा काढून वाचलंत तर दिसतच नाही. 2009 च्या विधानसभेला एकाच नेत्याचं गुणगान वेगवेगळ्या पेपरात जवळजवळ शब्दन् शब्द सारखं छापून आलं होतं, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. त्यावर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने मोठा रिपोर्ट लिहिला, कौन्सिलने तो बाजूला ठेवला आणि माहिती आयोगाने सांगितल्यावर 2011 मध्ये तो बाहेर आला. पैसे घेऊन छापण्यावरचा रिपोर्ट फुकट वाचायला मिळतोय म्हटल्यावर कोण वाचणार?

फ्लॅटच्या जाहिरातीचंही तेच, ‘हिंजवडी फक्त 10 मिनिटं’. रात्री तीन वाजता असेल, तुम्ही कोणाच्या दहा मिनिटांचं बोलताय असं विचारायला जाऊ नका. 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय, स्कॅन केला की प्रोजेक्टची नोंदणी, ताबा कधी मिळणार, सगळं उघडतं. आपण चहावाल्याला दहा रुपये द्यायला दिवसातून चार वेळा स्कॅन करतो, ऐंशी लाखांच्या फ्लॅटसाठी परत कशाला?

एखादा अँकर फारच डोक्यात जात असेल तर त्याची क्लिप उघडून ‘बघा काय बरळतोय’ म्हणून सगळीकडे पाठवा. यूट्यूब तुम्ही प्रेमाने बघताय की दात ओठ खात ते विचारत नाही, व्ह्यू तो व्ह्यू, वर शिव्यांच्या शंभर कमेंट आल्या तर अजूनच बरं, त्याचं दुकान तुमच्या संतापावरच तर चाललंय. बंद करून वरण-भाताला फोडणी घालायचा विचार मनात आला तर तो झटकून टाका.

आणि तक्रार तर करूच नका. 2021 च्या नियमांप्रमाणे चॅनलला 24 तासांत पोच द्यावी लागते, 15 दिवसांत निकाल लावावा लागतो, समाधान झालं नाही तर वरच्या संस्थेकडे जाता येतं, म्हणजे नसती कटकट. कार्यक्रम कोणता, किती तारखेला, किती वाजता, काय खोटं बोलले, सगळं लिहायचं, त्यासाठी तो नीट बघावा लागणार. त्यापेक्षा ग्रुपवर ‘मीडिया विकली गेलीये’ टाका, लगेच तीन अंगठे येतात, एखादे काका हात जोडलेला इमोजी देतात. त्याच्याच खाली ‘गुरुवारी पाणी बंद’ असा मेसेज पडला की तोही ढकला पुढे, कुठला गुरुवार ते बघू नका, मागच्या वर्षीचा असला तरी बादल्या भरून ठेवायला काय जातंय.