'मी' काही फ्लॉरेन्समध्ये जन्मला नाही

परवा भाचीने एक फॉरवर्ड पाठवला. 'मावशी, हे असाइनमेंटमध्ये घालू ना?' दावा असा: मध्ययुगीन युरोपात माणसाला 'मी' ठाऊकच नव्हता; चर्चने आत डोकावायला बंदी घातली होती; बायकांना तर स्वतःचं मन नव्हतंच; मग पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये आरसे आले आणि 'व्यक्ती' जन्मली. तिला लगेच कळवलं, अजिबात घालू नकोस. पण तोच मजकूर आणखी दोन ग्रुपांवर आला, तेव्हा राहवेना.

आरशाचं आधी उरकते. ख्रिस्ती संत ऑगस्टीनने स्वतःच्या मनाची उलटतपासणी मांडली ती इ. स. 400 च्या सुमारास, म्हणजे हजारेक वर्षं आधी.

फ्लॉरेन्सची गोष्ट बुर्कहार्ट या इतिहासकाराच्या 1860 च्या ग्रंथातून पसरली. तिच्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. बाराव्या शतकातला माणूस स्वतःला शोधायचा तो संतांशी, आपल्या मठाशी ताडून. 'मी सगळ्यांहून वेगळा' ही आजची हौस त्याला नव्हती. इतिहासकार कॅरोलाइन बायनम यांनी हे नीट दाखवलंय. पण म्हणून 'मी' नव्हताच?

चर्चची बंदी तर धादांत खोटी. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा, म्हणजे चर्चच्या धर्मसभेचा, 21वा नियम सांगतो: कळत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्रीपुरुषाने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूपाशी एकट्याने पापं कबूल करावीत. त्यात धाक होता, पाळत होती. पण आत डोकावण्याची ती बंदी नव्हे, सक्ती होती.

खरा संताप आला तो बायकांच्या मुद्द्यावर. हेलोईज पॅरिसची विदुषी. तिच्या मामाच्या माणसांनी तिचा नवरा अबेलार याचं खच्चीकरण केलं, मग दोघंही मठात गेली. 1132 च्या सुमारास त्याने आपली कर्मकहाणी लिहिली. ती वाचून, स्वतः मठाची प्रमुख असलेल्या हेलोईजने त्याला पत्रं पाठवली. जगाच्या सम्राटाने मागणी घातली तरी त्याची सम्राज्ञी होण्यापेक्षा तुझी रखेल म्हणवून घेणं मला प्रिय, असं ती लिहिते. मी पुरती अपराधी आहे आणि पुरती निरपराधही, कारण गुन्हा कृतीत नसतो, करणाऱ्याच्या हेतूत असतो, असंही लिहिते. पुढच्या पत्रात तर ती कबूल करते की ऐन प्रार्थनेच्या वेळी मला आपलं जुनं शरीरसुख आठवतं. लोक मला पवित्र म्हणतात, कारण माझं आतलं ढोंग त्यांना दिसत नाही.

भाचीला हीच पत्रं वाचायला दिली आहेत.