शिडीवरचा फोटो
कळसूबाईला परत या टोळक्याबरोबर गेलो तर नाव बदलेन! (हे मागच्या वर्षीही म्हणालो होतो.) पहाटे तीनला निघायचं ठरलं, साडेपाचला एकाचा फोन, "आंघोळ करून आलोच." बारी गावातून चढायला लागेपर्यंत ऊन मी म्हणतंय. १६४६ मीटरचं शिखर आणि चौघांत पाणी किती? माझ्या दोन बाटल्या. स्पीकर मात्र न विसरता आणलेला!

लोखंडी शिडीवर तर कहर. मागे ही रांग खोळंबलीय, तापलेला कठडा हाताला चटके देतोय आणि हा पठ्ठ्या मधल्याच पायरीवर केस सारखे करतोय. "अरे, अजून एक काढ ना, चेहरा नीट नाही आला." तुझा चेहरा असाच आहे रे बाबा, चल वर!