सहा महिन्यांचं मेतकूट, दहा मिनिटांची पॉलिसी

ऑक्टोबर सरत आला की पार्ल्यात दिवाळी अंकांच्या जोडीने घरोघरी आणखी एक देखावा दिसतो. हॉलमध्ये उघड्या बॅगा, हातात लटकता वजनकाटा आणि '२३ च्या वर गेलं, मेतकूट काढ' असा पुरुषी आवाज. हिवाळा अमेरिकेतल्या लेकीकडे काढायचा, बर्फ बघायचा, नातवाला शुभंकरोति शिकवायचं आणि आंब्याला परत यायचं. तुम्हीही निघाला असालच. मी जाऊन आले आहे, तेही मनगट मोडून घेऊन. तेव्हा आरोग्यविम्यावर चार शब्द सांगायचा अधिकार माझ्याकडे आपोआप येतो.

पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नका. आमच्या ह्यांनी वजनकाटा निवडायला तीन आठवडे घेतले, थर्मल घ्यायला दोनदा दादरला जाऊन आले. पॉलिसी निघायच्या आदल्या संध्याकाळी काढली, पोह्यांना फोडणी बसेपर्यंत. काही जण म्हणतील, आपला इथला मेडिक्लेम आहेच की, वीस वर्षांत एकही क्लेम नाही! तो जरूर सोबत न्या. साधारण मेडिक्लेम समुद्र ओलांडत नाही, पण कार्ड दिसायला सुंदर असतं. तिथल्या काउंटरवरची बाई ते उलटसुलट करून फार कौतुकाने बघते.

आता पॉलिसी कोणती? अर्थात सर्वांत स्वस्त. अमेरिकेसाठी ढोबळ दोन जाती असतात. फिक्स्ड प्लॅनमध्ये प्रत्येक गोष्टीचा दर आधीच ठरलेला: इमर्जन्सी रूमला इतके, एक्स-रेला इतके, खाटेला दिवसाला इतके. हॉस्पिटलने त्याच्या दहापट लावले तरी कंपनी आपल्या तक्त्याला जागते. दुसरी कॉम्प्रिहेन्सिव्ह. तिच्यात आधी ठरलेली रक्कम तुमच्या खिशातून जाते, तिला डिडक्टिबल म्हणतात. पुढच्या ५,००० डॉलरपर्यंत बहुतेकदा ८० टक्के कंपनी आणि २० टक्के तुम्ही. त्यावरचं सगळं पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत कंपनी भरते. समजा डिडक्टिबल २५० आहे आणि बिल १२,२५० डॉलर आलं. तुमच्या वाट्याला २५० आणि १,०००, म्हणजे १,२५० येतील. हे गणित बँकेत तीस वर्षं काढलेल्या मला दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणूनच मी ते मांडलं नाही. कॉम्प्रिहेन्सिव्हचा हप्ता जास्त होता आणि तो 'उगाच गेला' असता. उगाच म्हणजे, आपण आजारी पडलोच नाही तर! विमा काढून धडधाकट परत येण्यासारखा तोटा मध्यमवर्गाला दुसरा नाही.

जावई म्हणाले होते, 'आई, इथून मी चांगली काढतो, तुम्ही आल्यावरही काढता येते.' त्यावर काय म्हणायचं हे तुम्हाला शिकवायला नकोच. लेकीच्या घरचा पैसा! छे! आम्ही आमच्या पैशाने काढली, आमच्या ऐपतीची काढली, आणि मग बिल जावयांनी भरलं. मान राहिला.

फॉर्म भरताना मात्र डोकं शांत ठेवा. 'आधीपासूनचे आजार' असा रकाना येतो. तिथे 'नाही' लिहायचं. बीपी हा काय आजार आहे? गोळी घेतली की नॉर्मल. शुगरही तशीच, लग्नाकार्यात थोडी वर जाते एवढंच. रकाना असा स्वच्छ ठेवून झाला की बॅगेत शुगरच्या दोन वेळच्या, सहा महिन्यांच्या ३६० गोळ्या भरा आणि विमानतळावर कुणी अडवू नये म्हणून फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. त्या चिठ्ठीत आजार किती वर्षांचा आहे ते डॉक्टर न विचारता लिहून देतात. क्लेमच्या वेळी कंपनी जुने कागद मागते तेव्हा ही चिठ्ठी सगळ्यांत वरच सापडते.

कुणी म्हणेल, जुना आजार सांगूनही संरक्षण मिळतं. मिळतं ना! काही प्लॅनमध्ये जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर खर्च देतात, विशिष्ट वयापर्यंत. पण 'अचानक' या शब्दाच्या अटी मी पुढे मुद्दाम वाचल्या (परत आल्यावर, अर्थात). दुखणं पूर्वसूचना न देता यायला हवं, हळूहळू वाढलेलं चालत नाही, आणि साधारण २४ तासांच्या आत डॉक्टर गाठायला हवा. ही अट लिहिणाऱ्याने मराठी माणूस पाहिलेला नाही. आपल्याकडे छातीत दुखणं हे आधी गॅस असतं. मग ओवा चावायचा, मग गरम पाणी, मग डाव्या कुशीवर झोपून बघायचं. तेवढ्यात बायको म्हणते, 'काल वडे खाल्लेत, सांगत होते मी.' मग 'सकाळपर्यंत बघू.' सकाळी लेकीची मीटिंग असते, तिला कशाला त्रास, म्हणून दुपारपर्यंत बघू. असे २४ तास आरामात निघतात आणि वर डॉक्टरांना आपणच प्रामाणिकपणे सांगतो की तसं चार दिवसांपासून जरा जरा होतंच होतं. झालं, ते हळूहळू वाढलेलं ठरलं.

इकडून पॉलिसी घेणाऱ्यांनी साठीपुढच्यांसाठीच्या पोटमर्यादा वाचू नयेत. वर ५०,००० डॉलर ठळक असतात, आतल्या पानावर अमुक आजाराला एवढेच, तमुक शस्त्रक्रियेला तेवढेच. आतलं पान बारीक टाइपात असतं, म्हणजे ते आपल्यासाठी नाही.

देश दुसरा असेल तर आणखी सोपं. युरोपातले शेंगेनवाले, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे देश, व्हिसालाच किमान ३०,००० युरोचं कव्हर मागतात, तेव्हा विमा हा व्हिसाच्या फाइलीचा कागद आहे, आजाराशी त्याचा संबंध लावू नका. मुलांकडे लांब मुक्कामाला जाणाऱ्या आईवडिलांसाठीच्या कॅनडाच्या सुपर व्हिसाला किमान १,००,००० कॅनेडियन डॉलर लागतात, ते सक्तीचं असल्यामुळे तिथे आपली अक्कल चालवायला वाव नाही, वाईट वाटतं. इंग्लंडमध्ये तर 'सगळं फुकट' असतं हे कट्ट्यावर ऐकलं असेलच. इमर्जन्सीपुरतं खरं आहे. वॉर्डात दाखल झालात की पाहुण्याला दीडपट दर लागतो, पण कट्ट्यावरचे कुणी अजून वॉर्डापर्यंत गेलेले नाहीत.

अमेरिकेत तुम्हाला इमर्जन्सीतून परत पाठवत नाहीत, १९८६ चा कायदाच आहे. तपासतात, स्थिर करतात. पैसे मागाहून टपालाने मागतात. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं. मला वाटलं होतं एकच पाकीट येईल. एका मनगटाला चार आली, शेवटचं मी पार्ल्यात आंबे पिकत घातले तेव्हा. मी पडले ती जागा दारातली होती, बर्फही नव्हतं, म्हणजे दिसत नव्हतं. रस्ता नुसता ओला दिसतो आणि त्यावर काचेसारखा थर असतो. मी पायात आपल्या इथल्या चपला घातल्या होत्या, कचरा टाकायला काय बूट घालायचे?

पॉलिसीत पार्थिव मायदेशी आणण्याचंही एक कलम असतं. त्याचा मोठ्याने उच्चार करू नका, ह्यांनी मला वाचू दिलं नाही. 'शुभ बोल' म्हणाले आणि पान उलटलं. त्याच पानावर खाली, मोडलेल्या हाडाचा दर होता.

राहता राहिला पॉलिसीचा कागद. तो हँडबॅगेत ठेवू नका, तिथे गोळ्या आणि लाडू असतात. फोनमध्ये फोटो काढायचा तर प्रश्नच नाही. चेक-इन बॅगेच्या तळाशी, भाजणीच्या पिशवीखाली तो सुरक्षित राहतो. कंपनीचा चोवीस तास चालणारा नंबर त्याच्यावरच असतो आणि इलाज सुरू करायच्या आधी शक्यतो तिथे फोन करायचा असतो. रात्री साडेअकराला जावईबापू गराजमध्ये बॅग उलटी करून तो शोधत होते. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरून पायरीवर बसले होते आणि त्यांना सांगत होते, अहो, हळू, भाजणी सांडेल.