आठव्या थराचा रंग

मला रंग ओळखता येतात पाच. त्यापुढचे सगळे 'साधारण तसाच'. आमच्या लग्नाच्या बस्त्यात मी आमसुलीला चॉकलेटी म्हणालो होतो, ते सासूबाई एकोणीस वर्षांनंतरही विसरलेल्या नाहीत. त्यामुळे यंदा उन्हाळ्यात त्या सांगलीहून आमच्याकडे इंग्लंडात रेडिंगला आल्या आणि बायकोने 'आईल ऑफ वाईटला जाऊ, तिथल्या कड्यांत एकवीस रंगांची वाळू आहे म्हणतात' असं जाहीर केलं, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

लिमिंग्टनहून यार्मथला फेरीबोट चाळीसेक मिनिटांत पोचते. गाडी बोटीच्या पोटात, आम्ही वरच्या मजल्यावर आणि डबा आईंच्या मांडीवर. बोट सुटायच्या आत दशम्या सुटल्या. बेटाच्या पार पश्चिम टोकाला ॲलम बे. ॲलम म्हणजे तुरटी, हे सांगून मी जरा भाव खायला गेलो, तर आई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मग एक खडा फिरवायचा की! किती गढूळ आहे."

गाडी उभी करायची जागा कड्याच्या माथ्यावर आणि किनारा खाली. मध्ये तारेवरून लोंबकळत जाणाऱ्या खुर्च्या. "बाबा, १९७३ पासून चालू आहे ही," चिरंजीवांनी मला धीर दिला. मला त्यातून एवढंच कळलं की यंत्राने पन्नाशी ओलांडलीय, म्हणजे ते माझ्यापेक्षाही थकलेलं असणार. एका खुर्चीत दोघं. बायको मुलाला घेऊन चपळाईने पुढे गेली. उरलो मी आणि आई.

ही खुर्ची तुमच्यासाठी थांबत नाही. मागून येते आणि गुडघ्याच्या मागे टपली मारते, की तुम्ही बसलेले असता. वरून एक दांडी खाली येते. तेवढ्यात पायाखालचं गवत संपतं, आणि आपण आज पट्ट्याचे बूट न घालता सैल सपाता घातल्यात हे आठवतं. पायाची बोटं आवळून मी त्या सपाता धरून ठेवल्या, हातांनी दांडी धरली आणि डोळे मिटून घेतले. आई मात्र एस.टी.त खिडकीची जागा मिळाल्यासारख्या प्रसन्न.

"जावईबापू, बघा हो काय रंग आहेत!"

"सुंदर," मी म्हणालो.

"कुठला?"

"सगळेच."

"तो बघा विटकरी. त्याला लागून हळदी. मग मोतिया, मग अबोली... आणि तो, डावीकडचा पट्टा?"

मला डावीकडे काय, मला डावं-उजवंही उरलं नव्हतं. पण त्या 'तो'वर जो जोर होता, तो मी ओळखला. एकोणीस वर्षांपूर्वी ऐकलेला. "आमसुली," मी मिटल्या डोळ्यांनी म्हणालो. दोन क्षण शांतता. मग आईंचा हात माझ्या दंडावर आला. "शिकलात हो!"

खाली उतरलो तर किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा. एवढी वाळू कड्यात भरून ठेवलीय आणि बसायला मात्र गोटे! चिरंजीव शाळेतलं सांगायला लागले. हे थर समुद्रतळाशी आडवे साचले, लोखंडाच्या कमी-जास्तीने लाल-पिवळे झाले, आणि मग ज्या रेट्याने आल्प्स उभे राहिले त्याच रेट्याने हेही उभे झाले. मला 'लोखंड' एवढंच लक्षात राहिलं, कारण ते तारेतही होतं. आई म्हणाल्या, "म्हणजे कपाटात आडवी ठेवलेली साड्यांची चळत उभी लावली की प्रत्येकीचा काठ दिसतो, तसं." चिरंजीव गप्प झाले. त्यांच्या सरांना हे सुचलेलं नसावं.

समोर समुद्रात 'नीडल्स' नावाचे खडूचे तीन सुळके, टोकाला १८५९ सालचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह. "या सुया? या तर दाढा आहेत," आई म्हणाल्या. खरी सुईसारखी होती ती १७६४ साली पडली. तेवढ्यात एका सीगलने माझ्या हातातली दशमी नेली, लोणच्यासकट. वाईट वाटलं, पण त्याचंही तोंड बघण्यासारखं झालं होतं.

वर मार्कोनीच्या नावाची खूणही आहे. त्याने १८९७ साली इथेच बिनतारी संदेशांचं केंद्र मांडलं होतं. बिनतारीवर माझा पूर्ण विश्वास आहे. माझं भांडण तारेशी आहे, आणि तिच्यावरूनच पुन्हा वर जायचं होतं. तो प्रवास मी सांगत नाही.

कड्यातली वाळू काढायला मनाई आहे. त्याऐवजी वर एक दुकान आहे. तिथे काचेची बाटली घ्यायची, ओळीने मांडलेल्या रंगीत वाळूतून चमच्याने उचलून नरसाळ्यातून थर भरायचे. आई सांगणार, मी भरणार. सात थर निर्विघ्न झाले. आठव्याला आई म्हणाल्या, "केशरी," आणि मी चमचा बुडवला तो शेजारच्या खणात. अर्धा चमचा वांगी रंग आत गेल्यावर लक्षात आलं. आई तेव्हा पर्समध्ये चष्म्याचं फडकं शोधत होत्या. मी वरून पटकन केशरी ओतला, बाटली हळूच टेबलावर ठोकली. छानच मिसळलं. "हा कुठला हो?" "आठवा," मी म्हणालो.

बाटली सोलापुरी टॉवेलात गुंडाळून सुखरूप सांगलीला गेली.

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉल आला. मेहुण्याच्या मुलीचा बस्ता. दुकानाची पांढरी गादी, साड्यांचा ढीग आणि मधोमध ती बाटली. आईंना आठव्या थराच्या रंगाचीच साडी हवी होती. दुकानदाराने चाळीस साड्या उलगडल्या होत्या, घाम पुसत होता. शेवटी त्याने बाटली ट्यूबलाइटसमोर धरली, फिरवली, डोळे बारीक केले.

"मावशी, हा रंगच नाही. केशरीत कुणीतरी वांगी कालवलाय."

पडद्यावर आईंचा चेहरा हळूहळू मोठा होत गेला. "जावईबापू..."

"आई," मी म्हणालो, "तुमचा आवाज तुटतोय."