दहावीला बसलेला क्लब

फुटबॉलचा एखादा परदेशी संघ धरायचा म्हणताय? जरूर धरा. फक्त जिंकणारा धरू नका. माद्रिद-बार्सिलोनाचे टी-शर्ट आपल्याकडे फुटपाथवर ढिगाने मिळतात आणि जिंकणाऱ्याच्या वरातीत नाचायला अक्कल लागत नाही. तुमच्यासारख्या घरंदाज माणसाला शोभेल असा संघ म्हणजे इटलीचा जेनोआ. आज खिशात दमडी नसली तरी 'आमच्या पणजोबांच्या दारात हत्ती झुलायचा' हे वाक्य तयार हवं असेल, तर याहून चांगलं स्थळ मिळणार नाही.

आधी कुळ पाहू. स्थापना ७ सप्टेंबर १८९३, संस्थापक इंग्रज, आणि नाव जेनोआ क्रिकेट अँड अ‍ॅथलेटिक क्लब. हो, क्रिकेट! आजही अधिकृत नाव 'जेनोआ क्रिकेट अँड फुटबॉल क्लब' असंच आहे. घरच्यांनी विचारलं, मध्यरात्री काय बघतोस, तर बेधडक सांगा, क्रिकेट क्लबची मॅच. सुरुवातीची काही वर्षं इटलीतल्या या क्लबात इटालियन माणसाला सभासद होता येत नव्हतं. साहेबांचे जिमखाने पाहिलेल्या मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. पुढे कोळशाच्या बोटींवरच्या ब्रिटिश खलाशांना औषधपाणी करायला जेम्स रिचर्डसन स्पेन्सली नावाचा डॉक्टर आला. त्याने फुटबॉल वाढवला आणि १८९७ मध्ये स्थानिकांना दार किलकिलं करून दिलं.

८ मे १८९८ रोजी तूरिनमध्ये इटलीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ चार, दिवस एक. सकाळी उपांत्य सामने, दुपारी अंतिम, दिवेलागणीला विजेता जाहीर. विजेता जेनोआ. खो-खोच्या आंतरशालेय स्पर्धासुद्धा याहून लांबतात, असा आगाऊ शेरा कुणी मारला तर ऐकू न आल्यासारखं करा. अजिंक्यपद ते अजिंक्यपद. अशी नऊ झाली आणि नववं आलं १९२४ साली.

आता नीट ऐका, कारण सगळी गंमत इथे आहे. इटलीत दहा अजिंक्यपदं जिंकली की जर्सीवर सोन्याचा तारा लावता येतो. जेनोआ नववी पास. दहावीला बसून शंभराच्या वर वर्षं झाली. ताऱ्याची प्रथा सुरू झाली १९५८ मध्ये आणि पहिला मान युव्हेंटसला मिळाला. २०२४ मध्ये मिलानच्या इंटरने विसावं अजिंक्यपद घेऊन दुसरा तारा शिवला. आपल्या नववीची शताब्दी नेमकी त्याच वर्षी होती. वर्गातली कालची पोरं दोनदा दहावी होऊन गेली, आपण अजून अपेक्षित प्रश्नसंच चाळतोय.

दहावी हुकली कशी, हे मात्र तुम्हाला तोंडपाठ हवं. कुठल्याही जेनोआकराच्या शेजारी बसा, तिसऱ्या मिनिटाला १९२५ निघतंच. उत्तर विभागाचा अंतिम सामना, समोर बोलोन्या. दोन सामने झाले, दोघांनी एकेक जिंकला. तिसरा मिलानमध्ये. जेनोआ २-० पुढे. बोलोन्याच्या मुत्सिओलीचा फटका गेला आणि रेफ्रीने कॉर्नर दिला. लोक मैदानात घुसले, त्यांत फॅसिस्टांचे काळे शर्टही होते. बऱ्याच हुज्जतीनंतर रेफ्रीने तो कॉर्नर फिरवून गोल दिला. पुढे २-२. जेनोआने जादा वेळ खेळायला नकार दिला, आणि महासंघाने फेरपरीक्षा घेतली. चौथा सामना तूरिनला, १-१. त्यानंतर दोन्ही गावांचे समर्थक रेल्वे स्टेशनवर समोरासमोर आले आणि बोलोन्याच्या गाडीतून पिस्तुलं झाडली गेली. जेनोआचे लोक जखमी झाले. पाचवा सामना ९ ऑगस्टला, मिलानच्या कडेला एका मैदानावर, प्रेक्षकांविना, सकाळी सात वाजता. दूधवाल्याच्या वेळेला उरकलेला अंतिम सामना! बोलोन्या २-०. हे सांगताना आवाज किंचित कापू द्या. शंभर वर्षं झाली म्हणून काय, भाऊबंदकीतला बांध कुणी विसरतं का?

पुढच्या इतिहासावर फार वेळ दवडू नका. १९३७ चा इटालियन कप, आणि १९९२ साली लिव्हरपूलला त्यांच्याच अ‍ॅनफील्डवर २-१ ने हरवलं तो दिवस. तिथे जिंकणारा जेनोआ पहिला इटालियन संघ. दोन्ही गोल आगिलेराचे. एवढं पाठ असलं तरी पुरे. २००५ चा विषय निघालाच तर चष्मा पुसायला घ्या. त्या वर्षी आपण दुसऱ्या श्रेणीत चक्क पहिले आलो होतो. शेवटचा सामना व्हेनेत्सियाशी, ३-२ जिंकला, आणि मग त्यांच्या एका अधिकाऱ्याच्या गाडीत अडीच लाख युरो सापडले. पेपरफुटी सिद्ध झाली. वरच्या वर्गात जायच्या ऐवजी थेट तिसऱ्या श्रेणीत.

सामना बघायला प्रत्यक्ष जायचं असेल तर ब्रिन्योले स्टेशनवर उतरा आणि बिझान्यो नदीच्या कडेने लाल-निळ्या मफलरींच्या मागे चालू लागा. वाटेत फोकाचा घ्या. मीठ पेरलेली, ऑलिव्ह तेलात भिजलेली चपटी पावाची लादी. तेल कागदातून बोटांवर आणि बोटांवरून तिकिटावर येतं. तिकिटावर तुमचं नाव छापलेलं असतं, ओळखपत्र सोबत ठेवा. हीच फोकाचा तिथली माणसं सकाळी कॅपुचिनोत बुडवून खातात. नाक मुरडू नका, आपणही चहात खारी बुडवतोच.

मरास्सी भागातलं लुइजी फेरारिस हे मैदान १९११ चं. १९९० च्या विश्वचषकासाठी ते नव्याने बांधलं, चार कोपऱ्यांना चार लाल मनोरे. शेजारी तुरुंग आहे, अगदी भिंतीला भिंत म्हणावी इतका जवळ. कोण कुठल्या बाजूला शिक्षा भोगतंय, हे सामना सुरू झाला की आपोआप कळतं. तुमची जागा उत्तरेच्या स्टँडमध्ये, ग्रादिनाता नोर्दमध्ये. दक्षिण बाजू गावातल्या दुसऱ्या संघाची, साम्पदोरियाची, कारण मैदान दोघांत सामाईक आहे. १९४६ साली जन्मलेलं हे शेंडेफळ १९९१ मध्ये इटलीचं अजिंक्यपद घेऊन गेलं. त्याबद्दल बोलू नये. बोलायचंच तर मे २०११ बद्दल बोला. डर्बीत, म्हणजे गावातल्या या दोन संघांच्या सामन्यात, वाढीव वेळेत बोसेल्लीने गोल केला, साम्पदोरिया खालच्या श्रेणीत घसरली, आणि आपल्या लोकांनी भर रस्त्यातून तिची शवपेटीसकट अंत्ययात्रा काढली. स्वतःच्या मुलाच्या पेढ्यांपेक्षा शेजाऱ्याच्या नापासाचे पेढे गोड लागतात, हे काय तुम्हाला मी सांगावं?

आणि हरताना कसं वागावं? यालाही घराण्याचा दाखला आहे. २२ एप्रिल २०१२, समोर सिएना, धावफलक ०-४. दुसरा हाफ नुकताच सुरू झालेला. कट्टर समर्थक खाली उतरले, खेळाडूंच्या बोगद्यावर चढून बसले आणि हुकूम सोडला: जर्सी काढा, ती घालायची तुमची लायकी नाही. कॅप्टन जर्सी गोळा करू लागला. धोब्याला कपडे मोजून द्यावेत तसे एकेक खेळाडू जर्सी काढून देत होते. स्कुल्ली नावाच्या एकानेच नकार दिला. तो सरळ त्या टोळक्याकडे गेला, एकाला मिठी मारून कानात काहीतरी बोलला. पाऊण तासाने खेळ पुन्हा सुरू झाला. निकाल १-४. एक गोल तरी वसूल झाला, असा हिशेब लावणारेही त्या दिवशी असतीलच. जेनोआकर चिक्कू म्हणून साऱ्या इटलीत प्रसिद्ध आहेत.

त्याच चिक्कूपणाची एक आख्यायिका तिथे सांगतात. जेनोआ शहर स्वतंत्र प्रजासत्ताक होतं त्या काळात खलाशांना दोन तऱ्हेचे करार मिळत. एक जास्त पगाराचा, पण तोंड बंद ठेवायचं. दुसरा कमी पगाराचा, पण त्यात 'मुगून्यो' म्हणजे कुरकुर करायचा हक्क. पैशाला पैसा जोडणारे ते लोक दुसरा करार घेत.

तेव्हा आज रात्री सव्वाबाराला सामना लावा. आवाज बारीक ठेवा, आतल्या खोलीत मंडळी झोपलीत. पहिल्या दहा मिनिटांत डावा बचावपटू चेंडू सरळ बाहेर मारेल. मान हलवा, जीभ टाळ्याला लावून 'च्च' करा, आणि म्हणा, "पंचवीस साली तो कॉर्नरच होता."