‘डॉक्टर हू’: नटांची तुलना करायचीच

नमस्कार,

इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेत डॉक्टर हे एकच पात्र रूप बदलत राहतं, आणि दर वेळी नवा नट ते साकारतो. तुमचा मुख्य आक्षेप असा, की तिथे लेखक बदलतात, काळ बदलतो, तेव्हा एका नटाला दुसऱ्याशेजारी उभं करून जोखणं हा अन्याय आहे. डॉक्टर म्हणून डेव्हिड टेनंटपेक्षा पीटर कपाल्डीला मी सरस म्हटलं, ती तुम्हाला निव्वळ आवडनिवड वाटली, आणि कॉलिन बेकरची बाजू घेतली, तो हट्ट.

पहिलं म्हणणं मला पटत नाही. या मालिकेनं तुलनेची सोय स्वतःच करून ठेवली आहे. २०१३चा पन्नाशीचा विशेष भाग आठवा. टॉवर ऑफ लंडनच्या कोठडीत टेनंट, मॅट स्मिथ आणि जॉन हर्ट. तिघेही डॉक्टरच, लेखक एक, दिग्दर्शक एक, प्रसंगही एकच. हर्ट विचारतो, आपला ग्रह गॅलिफ्रे आपणच संपवला, त्या दिवशी तिथे मुलं किती होती, कधी मोजलीत का? स्मिथ म्हणतो, अजिबात कल्पना नाही. टेनंट आकडा सांगतो: २४७ कोटी. टेनंटचा संताप तिथल्या तिथे वर येतो, आवाज खाली असला तरी लपत नाही. स्मिथ सहज बोलल्यासारखं बोलतो, पण तो सहजपणा किती वर्षं घोटलेला आहे हे कानाला कळतं. वाक्यं लेखकानं दिली, हे खरंच. ते घोटलेपण मात्र स्मिथचं आहे. २०१७च्या ‘द डॉक्टर फॉल्स’मध्ये तर जॉन सिम आणि मिशेल गोमेझ हे दोन मास्टर समोरासमोर येतात; मास्टर म्हणजे डॉक्टरचा जुना शत्रू, त्याच्यासारखाच रूप बदलणारा. सिमच्या क्रौर्यात उन्माद आहे, आणि गोमेझ त्याच क्रौर्याला कंटाळू लागली आहे. एवढं समोर असताना तुलना करायची नाही, तर बघायचं तरी काय?

आता टेनंट. त्याला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. डॉक्टरची सगळी मदार बोलण्यावर, आणि २००८च्या ‘मिडनाइट’मध्ये ते बोलणंच त्याच्याकडून हिरावलं जातं. एका अज्ञात जिवानं झपाटलेली सहप्रवासी, लेस्ली शार्प, आधी त्याचे शब्द मागून म्हणते, मग त्याच्याबरोबर, मग त्याच्याही आधी. शेवटी हा अवघडून बसलेला, तिचे शब्द परत म्हणणारा, आणि जिवंत फक्त डोळे. टेनंटचं याहून मोठं काम मी पाहिलेलं नाही.

तरीही कपाल्डी मला वरचा वाटतो, त्याचं कारण २०१५चा ‘हेवन सेंट’. जवळजवळ अख्खा भाग तो एकटा आहे. आपली सोबतीण क्लारा हिच्या मरणाचं दुःख तो हिशेबाखाली, तर्काखाली दाबत राहतो आणि आपल्याकडून सांत्वनाची अपेक्षाच ठेवत नाही. टेनंटचं दुःख आपल्याला जवळ बोलावतं. कपाल्डीचं बोलावत नाही, म्हणूनच मला तिथून हलता येत नाही. ही आवड आहे, मान्य. पण ती कशावर उभी आहे हे मी प्रसंगागणिक दाखवू शकतो, आणि टेनंटच्या बाजूनं तुम्हीही दाखवावं असं मनापासून वाटतं.

कॉलिन बेकरबद्दल मात्र जरा जोरातच सांगतो. १९८४मधल्या त्याच्या पहिल्याच कथेत डॉक्टर आपली सोबतीण पेरी हिचाच गळा दाबतो. अंगात तो भडक, रंगीबेरंगी कोट. अशा सुरुवातीतून कुठला नट सावरेल? १९८६मध्ये त्याला काढलं. पण १९९९पासून बिग फिनिश या ब्रिटिश कंपनीच्या ‘डॉक्टर हू’ श्राव्यकथांमध्ये तोच बेकर, तोच अहंकारी, शब्दबंबाळ डॉक्टर घेऊन परतला आणि कित्येक श्रोत्यांचा लाडका झाला. नट तोच, संहिता बदलली. लेखनाचा दोष कुठे संपतो आणि नटाचं काम कुठे सुरू होतं, हे इथे सरळ ऐकू येतं. तुम्ही म्हणता तसं ते वेगळं काढणं अशक्य असतं, तर बेकरचं हे पुनरागमन झालंच नसतं.

त्यातलीच ‘ज्युबिली’ (२००३) ही श्राव्यकथा ऐका. त्यात तो नेहमीचा डॉक्टर तर आहेच, शिवाय कैदेत पिचून गेलेला दुसरा एक डॉक्टरही तोच साकारतो. ऐकून झाल्यावरही मत तेच राहिलं तर जरूर लिहा, कुठल्या प्रसंगात तो कमी पडला तेही लिहा. मला वाचायचं आहे.