खुलासा : फुफ्फुसं छातीला फुगवत नाहीत

‘फुफ्फुसं हवा ओढतात, फुगतात आणि छातीला बाहेर ढकलतात, म्हणून रोज फुंकर मारून फुफ्फुसांचे स्नायू बळकट करा’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातला क्रमच उलटा आहे.

फुफ्फुसांना स्वतःला फुगवतील असे स्नायूच नसतात. काम करतात ते फुफ्फुसांखालचं श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडद्यासारखा स्नायू) आणि बरगड्यांमधले स्नायू. श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकतं, बरगड्या वर-बाहेर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते. फुफ्फुसावरणाच्या, म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाच्या, दोन पदरांमध्ये (एक फुफ्फुसाला, दुसरा छातीला आतून चिकटलेला) द्रवाचा अगदी पातळ थर असतो आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे छातीबरोबर फुफ्फुसही ताणलं जातं, आतला दाब किंचित उतरतो आणि हवा आत शिरते. निवांत बसलेल्या मोठ्या माणसात एका श्वासाला सुमारे ५०० मिलिलिटर. सोडताना एरवी जोरही लावावा लागत नाही, ताणलेलं फुफ्फुस आपणहून आकसतं.

पुरावा हवा? छातीला भोक पडून या पदरांमध्ये हवा शिरली की फुफ्फुस मिटतं, पण छातीचा पिंजरा उलट थोडा बाहेर फाकतो. फुफ्फुसच त्याला ढकलत असतं तर तो आत बसला असता.

या गैरसमजाचा त्रास पेशंटला होतो. ऑपरेशननंतर श्वासाच्या व्यायामासाठी तीन गोळे (छोटे चेंडू) असलेलं यंत्र देतात, त्यात कितीतरी जण फुंकत बसतात. कृपा करून फुंकू नका. नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश श्वास आत ओढा आणि गोळे काही क्षण वर टिकवा. फुफ्फुसातले मिटलेले वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, त्यानेच उघडतात.